डोक्यात हवा

एक टेबल आहे. टेबलावर एक छोटी बैठक आणि तिच्यावर माणसाचं डोकं. मानेपाशी संपलेलं, तरी पुरतं जिवंत. ते डावीकडे बघतं, उजवीकडे बघतं, हसतं. शेजारी उभ्या असलेल्या रसायनतज्ज्ञानं ते नुकतंच आणून तिथं मांडलं आहे. त्याच्या खांद्यांवरचं डोकं आणि टेबलावरचं डोकं ही दोन्ही एकाच माणसाची आहेत आणि त्याचं त्या दोघांनाही काही वाटत नाही. मग तो एक रबरी नळी घेतो. नळीचं एक टोक डोक्याला जोडलेलं, दुसऱ्या टोकाला भाता. तो सगळा जोर लावून भाता चालवू लागतो आणि डोकं फुगायला लागतं.

फ्रान्समध्ये १९०१ साली ज्यॉर्ज मेलिएसनं केलेल्या या मूकपटाच्या नावाचा सरळ अर्थ ‘रबरी डोक्याचा माणूस’. लांबी तीन मिनिटांच्या आत. एकच सेट, एकच कॅमेरा, तोही जागचा न हलणारा. दोन पात्रं आणि एक डोकं. एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला हा चित्रपट मी इतक्यांदा पाहिला आहे की पुढे काय होणार हे मला पाठ आहे. तरी हसू येतंच आणि दर वेळी एकाच जागी येतं. ती जागा डोकं फुटण्याची नाही. ती त्याच्या बरीच आधी आहे. हसू नेमकं तिथंच का दडलं आहे, हे शोधता शोधता मला त्या काळच्या ट्रिकपटांकडे बघण्याची एक वाट सापडली. ती वाट या एका डोक्यापासून सुरू होते आणि फिरून त्याच्यापाशीच येते.

पहिल्यांदा डोकं फुगतं तेव्हा आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. फुग्याला चेहरा नसतो, म्हणून फुगा फुगताना आपल्याला फक्त त्याच्या आकाराची काळजी असते. इथं फुगणाऱ्या वस्तूला डोळे आहेत, भुवया आहेत, तोंड आहे. नरड्याखाली काहीही नसलेल्या या प्राण्याला आपल्याला काय होतंय ते पुरतं कळतंय. गाल रुंदावतात, कपाळ पसरतं आणि डोकं तोंडं वेडीवाकडी करत राहतं. बघता बघता ते सबंध माणसाहून मोठं दिसू लागतं. रसायनतज्ज्ञाला भीती वाटते की आता हे फुटणार. तो नळीची तोटी उघडतो. हवा निघून जाते, डोकं आक्रसत आक्रसत पहिल्याएवढं होतं आणि बैठकीवर पूर्ववत बसून राहतं.

हे केलं कसं? उत्तर वाचलं की चित्रपट लहान होत नाही, उलट वाढतो. मेलिएसनं कॅमेरा हलवला नाही. त्यानं स्वतःला हलवलं. एका लहानशा गाडीवर तो बसला. डोकं सोडून बाकीचं अंग काळ्या कापडात गेलं, मागेही काळाच पडदा. ही गाडी रुळांवरून दोरीनं हळूहळू कॅमेऱ्याकडे ओढली. माणूस जवळ येत गेला, भिंगाला त्याचं डोकं मोठं दिसत गेलं. परत मागे नेला, डोकं लहान झालं. हे चित्रण आणि टेबल-भात्याचं चित्रण एकाच फिल्मच्या पट्टीवर, दोन वेगळ्या खेपांना, एकावर एक छापलं. काळ्या भागाचा फिल्मवर ठसा उमटत नाही, म्हणून तेवढी जागा कोरी राहते आणि दुसऱ्या खेपेत तिथं डोकं येऊन बसतं.

पण यात एक अडचण होती आणि तिच्यावर त्यानं काढलेला तोडगा मला सगळ्यात जास्त आवडतो. कॅमेऱ्याच्या जवळ येणाऱ्या माणसाची मान चौकटीत खाली खाली सरकत जाते. म्हणजे डोकं फुगता फुगता टेबलात बुडाल्यासारखं दिसलं असतं. डोकं तर बैठकीवर टेकलेलं राहायला हवं. म्हणून मेलिएसनं गाडीची वाट चढाची केली. जितका जवळ, तितका उंच. मान होती त्याच रेषेवर राहिली आणि डोकं तिच्यावर वरच्या वर, चहूकडे पसरत गेलं. हा चढ प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. तो दिसत नाही म्हणूनच डोकं फुगल्यासारखं दिसतं. आता त्या गाडीवर बसलेल्या माणसाचा विचार करावा. त्याला दोरीनं ओढलं जातंय, तो चढावरून भिंगाच्या रोखानं येतोय, समोर ना टेबल आहे ना भाता, आणि तरी त्याला चेहरा असा ठेवायचा आहे की कुणीतरी आपल्यात हवा भरतंय. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवला जायचा. भात्याचे हेलकावे एका खेपेला चित्रित झालेले, चेहऱ्याचे भाव दुसऱ्या खेपेला. दोन्हींचा ताल जुळायचा तो मोजमाप आणि अंदाज यांच्या बळावर. एका जागी चूक झाली की दोन्ही खेपा वाया.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये जेम्स विल्यमसननं एक छोटा विनोदी मूकपट केला होता. त्यात आपलं छायाचित्र काढलं जातंय म्हणून चिडलेला एक गृहस्थ बडबडत कॅमेऱ्याकडे चालत येतो. चेहरा मोठा होतो, मग नुसतं तोंड उरतं, ते उघडतं आणि कॅमेऱ्यासकट कॅमेरावाल्याला गिळून टाकतं. दोन्ही चित्रपटांत मूळ क्रिया एकच आहे. माणूस भिंगाजवळ येतो आणि मोठा दिसतो. विल्यमसन ते येणं उघड दाखवतो आणि त्यातूनच विनोद काढतो. मेलिएस येणं लपवतो आणि त्याला वाढणं म्हणून दाखवतो. चेहरा जवळून दाखवण्याची रीत सिनेमात अजून रुळायची होती. पुढे त्या जवळिकीतून प्रेम, दुःख, संशय असं काय काय सांगितलं गेलं. पण हा चेहरा आपल्याजवळ आला तो भात्यानं फुगवलेला, आपलं पुढं काय होणार या काळजीत पडलेला. मला ही सुरुवात फार भाग्याची वाटते.

मेलिएसला हे सुचावं हे नवल नाही. तो मूळचा जादूगार. १८६१ साली पॅरिसमध्ये जन्मलेला, पादत्राणं बनवणाऱ्या सधन कारखानदाराचा मुलगा. घरच्या धंद्यातला आपला वाटा मोकळा करून त्यानं १८८८ साली पॅरिसमधलं रोबेर-उदां नाट्यगृह विकत घेतलं. हे नाट्यगृह जादूच्या प्रयोगांसाठीच नावाजलेलं. तिथं त्यानं बसवलेल्या एका प्रयोगात व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाचं डोकं उडवलं जायचं आणि उडवलेलं डोकं बोलणं काही थांबवायचं नाही. धडावेगळ्या डोक्याचं स्वतःचं म्हणणं असतं, ही कल्पना त्याच्याजवळ कॅमेरा येण्याआधीपासून होती. २८ डिसेंबर १८९५ रोजी लुमिएर बंधूंच्या चित्रफिती पॅरिसच्या ग्रँड कॅफेत दाखवल्या गेल्या तेव्हा तो तिथं हजर होता. यंत्र विकत मागितलं, लुमिएरांनी दिलं नाही. मग त्यानं लंडनहून रॉबर्ट पॉलचं यंत्र आणलं आणि कामाला लागला. १८९७ साली माँत्रय इथल्या आपल्या आवारात त्यानं काचेच्या भिंतींचा आणि काचेच्या छपराचा स्टुडिओ बांधला. आतल्या रंगमंचाची मापं आपल्या नाट्यगृहातल्या रंगमंचासारखीच ठेवली. जादूगारानं आपला रंगमंच उचलून उन्हात नेऊन ठेवला, असं म्हणावंसं वाटतं.

ट्रिकचा शोध त्याला कसा लागला याची एक हकिगत तो पुढे सांगत असे. पॅरिसच्या ऑपेरासमोरच्या चौकात चित्रण चालू असताना फिल्म यंत्रात अडकली. ती सोडवून पुन्हा चित्रण सुरू करायला थोडा वेळ गेला. पडद्यावर बघितलं तर धावणाऱ्या घोड्यांच्या बसची एकदम शववाहिका झालेली. हकिगत तंतोतंत खरी असो वा जादूगारानं रंगवलेली असो, त्यातला नियम खरा आहे. कॅमेरा थांबवा, समोरची वस्तू बदला, पुन्हा सुरू करा. बघणाऱ्याला मधला वेळ दिसत नाही. प्रत्यक्षात नुसतं थांबवून भागत नसे. दोन तुकड्यांतला सांधा नेमका बसावा म्हणून फिल्म कापून चिकटवावीही लागे. १८९६ साली त्यानं याच युक्तीवर खुर्चीत बसलेल्या बाईला नाहीसं केलं. ही बाई म्हणजे जेआन दाल्सी, त्याच्या नाट्यगृहातली नटी. मेलिएस तिच्यावर कापड टाकतो, कापड ओढतो, बाई नाही. पुढच्या क्षणी खुर्चीत सांगाडा. पुन्हा कापड, पुन्हा बाई. रंगमंचावर या खेळाला फळ्यांतला चोरदरवाजा लागायचा. आता चोरदरवाजा काळात होता.

ही बाई नाहीशी होताना मला आश्चर्य वाटतं, हसू येत नाही. तो फरक मोलाचा आहे. आपल्या नाट्यशास्त्रानं अद्भुत आणि हास्य हे दोन वेगळे रस मानले. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, हास्याचा हास. विस्मयाला एक क्षण पुरतो, किंबहुना क्षणाहून जास्त त्याला सोसत नाही. बाई आहे, बाई नाही. मध्ये काही नाही. हास्याला मात्र वेळ लागतो. काहीतरी घडून गेल्यावर माणसं त्या घडल्याचं काय करतात, हे बघायला मिळालं तर हसू येतं. सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटकाराच्या १९०० सालच्या एका मूकपटात रस्त्यावर मोटारीचा स्फोट होतो आणि मोटार माणसांसकट धुरात नाहीशी होते. हा झाला विस्मय. मग एक पोलीस येतो, आकाशाकडे बघू लागतो आणि वरून माणसांचे हातपाय खाली पडायला लागतात. तो बापडा ते गोळा करून नीट लावू लागतो. स्फोटाच्या क्षणी कुणी हसणार नाही. पोलिसाच्या कर्तव्यदक्षतेला हसतील. ट्रिक सांध्यात असते, विनोद सांध्यापुढच्या वेळात असतो. मेलिएसनं हा वेळ कसा मिळवला, हे बघण्यासारखं आहे.

१८९८ सालच्या त्याच्या एका मिनिटाच्या मूकपटात मेलिएस स्वतःच दोन टेबलांमध्ये येऊन उभा राहतो. आपलं डोकं दोन्ही हातांनी उपटून टेबलावर ठेवतो. खांद्यांवर नवं डोकं उगवतं. तेही काढून ठेवतो. असं करत टेबलांवर तीन डोकी होतात, चौथं खांद्यावर. मधेच तो टेबलाखालून वाकून पलीकडे जातो. आजच्या प्रेक्षकाला या हालचालीचा अर्थ लागणार नाही. पण त्या काळच्या जादू बघणाऱ्यांना चांगला लागत असणार. १८६५ साली लंडनमध्ये स्टोडेअर नावाच्या जादूगारानं टेबलावरचं बोलकं डोकं दाखवून खळबळ उडवली होती. तिथं टेबलाच्या पायांमध्ये तिरके आरसे होते आणि आरशांमागे माणूस दडलेला असे. ते रहस्य पुढे सर्वश्रुत झालं. मेलिएस टेबलाखालून जातो तो हे सांगायला की बघा, इथं आरसे नाहीत. जुन्या जादूची कुलुपं एकेक करून उघडून दाखवायची आणि तरी डोकी टेबलावर तशीच, असा हा थाट.

इथवर सगळं अद्भुत आहे. यापुढे तो बँजो घेऊन वाजवू लागतो आणि टेबलावरची डोकी गाऊ लागतात. चित्रपट मूक आहे, आपल्याला काहीच ऐकू येत नाही. पण ती काय गात असतील याची कल्पना मेलिएसच्या चेहऱ्यावरून येते. त्याला ते सहन होत नाही. कानांना त्रास होतो, तो वैतागतो आणि बँजोच त्या डोक्यांवर हाणतो. डोकी नाहीशी होतात. स्वतःच्या जादूनं निर्माण केलेली, स्वतःचाच चेहरा असलेली डोकी स्वतःला ऐकवेनात, यात मला फार मोठी गंमत वाटते. जादूगार आज्ञा करतो आणि वस्तू ती पाळते, हा जादूचा करार. इथं वस्तूंना तोंड मिळालं आणि करार मोडला. कॅमेऱ्याच्या हिशेबानं बघितलं तर या डोक्यांचं मेलिएसपासून वेगळं असं काहीच नाही. एकच नट वेगवेगळ्या खेपांना काळ्या पडद्यासमोर उभा राहिला, एवढंच. तरीही पडद्यावर ती एकमेकांवर कुरकुरणारी चार माणसं होतात. एकावर एक छापण्याच्या युक्तीनं त्याला एका चौकटीत संग मिळाला आणि संगाबरोबर भांडणही.

त्यानंतर दोन वर्षांनी आलेला त्याचा दुसरा एक मूकपट सांध्याच्या युक्तीवर उभा आहे. रात्रीच्या मुक्कामाला आलेला एक माणूस झोपण्याआधी कपडे उतरवू पाहतो. कोट काढून खुंटीला लावतो, अंगावर दुसरा कोट येतो. टोपी काढतो, डोक्यावर दुसरी. विजार काढतो, पायांत दुसरी. इथं प्रत्येक सांधा तोच, १८९६ साली बाई नाहीशी करणारा. एकदा घडला असता तर विस्मय. पण तो पुन्हा घडतो, मग पुन्हा, मग आणखी वेगानं, आणि प्रत्येक सांध्यापाठोपाठ त्या माणसाची घाई, चीड, हातघाई वाढत जाते. खोलीत कपड्यांची रास होते आणि माणूस मात्र काही केल्या कपड्यांतून सुटत नाही. शेवटी तो अगतिक होऊन हातपाय झाडतो. झोपायची साधी इच्छा आणि तिच्या आड येणारा एक हट्टी नियम, एवढीच गोष्ट. त्या नियमाला कारण नाही, दया नाही आणि कंटाळाही नाही. जादूगार इथं पडद्यावरून गेलाच आहे. ज्याच्यावर जादू होते तो तेवढा उरला. मला वाटतं, ट्रिकपटात विनोद खऱ्या अर्थानं शिरला तो इथं, जादू करणाऱ्याच्या जागी जादू सोसणारा आला तेव्हा.

आता त्या रबरी डोक्याकडे परत जाऊ. सांध्याची युक्ती क्षणात संपते, म्हणून तिला विनोदासाठी पुन्हा पुन्हा घडावं लागतं. डोक्यांच्या युक्तीत ती एकदा जमली की जमलेली राहते, म्हणून विनोदासाठी डोक्यांना भांडावं लागतं. रबरी डोक्यात मेलिएसनं तिसरी गोष्ट केली. त्यानं चमत्कारालाच वेळ दिला. डोकं एकदम मोठं होत नाही, होत जातं. विस्मय आणि हास्य एकाच श्वासात चालतात. आणि हे फुगणं प्रेक्षकाला शिकवतंही. पहिल्या खेपेत आपण तीन गोष्टी शिकतो. हवा भरली की डोकं मोठं होतं. त्याला हद्द आहे. आणि तोटी उघडली की सुटका आहे. मग रसायनतज्ज्ञ आपल्या मदतनिसाला बोलावतो, हा विदूषकी चालीचा गडी. शोध दाखवायची हौस त्याच्या हालचालींत मावत नाही. मदतनिसाला राहवत नाही. तो भात्याला हात घालतो.

इथं मला हसू येतं. अजून काहीही झालेलं नाही. डोकं पहिल्याच आकाराचं, शांत बसलेलं आहे. पण आता आपल्याला तोटीचं महत्त्व माहीत आहे आणि मदतनिसाला ते माहीत नाही. त्याला फक्त भाता दिसतोय. पहिल्या खेपेला जे अद्भुत होतं त्याचं दुसऱ्या खेपेला संकट झालंय आणि संकटाचं माप आधीच आपल्या हातात आहे. तो जीव खाऊन भाता चालवतो, डोकं पुन्हा फुगतं, मघाच्या हद्दीपर्यंत येतं आणि या वेळी थांबत नाही. शेवटी मोठा स्फोट, धूर, दोघेही भुईसपाट. रसायनतज्ज्ञ उठून मदतनिसाला लाथ घालून हाकलतो आणि हरवलेल्या डोक्यासाठी रडू लागतो.

लुमिएर बंधूंनी १८९५ सालीच एक छोटी विनोदी फीत काढली होती. माळी नळीनं झाडांना पाणी घालतोय. एक पोरगं मागून येऊन नळीवर पाय देतं. पाणी थांबतं, माळी नळीचं तोंड डोळ्यांजवळ आणून बघतो, पोरगं पाय उचलतं. हसवण्यासाठी रचलेल्या अगदी पहिल्या चित्रपटांत तिची गणना होते. तिच्यात ट्रिक एकही नाही. मेलिएसच्या डोक्यात ट्रिकशिवाय काही नाही. तरी दोघांच्या मध्यभागी एक रबरी नळी आहे, नळीत कोंडलेला दाब आहे, आणि तो कधी सुटणार हे पात्राच्या आधी आपल्याला कळलेलं आहे. विनोदाचं शास्त्र इतकं सोपं आणि इतकं जुनं असावं, याचा मला आनंद होतो.

आपल्याकडे एखाद्याला यश मानवलं नाही की ‘त्याच्या डोक्यात हवा गेली’ म्हणतात. मराठी माणूस हा चित्रपट बघतो तेव्हा ही म्हणण्याची रीत त्याच्या समोर अक्षरशः घडते. पण मेलिएसच्या डोक्यात हवा भरतो तो दुसरा कुणी नाही, सुरुवातीला तोच. भाता त्याच्या हातात, डोकं त्याचंच. जोवर एकाच माणसाकडे भाता आणि तोटी दोन्ही आहेत तोवर सगळं ठीक चालतं. शोध दुसऱ्याला दाखवण्याची, वाहवा घेण्याची हौस झाली आणि डोकं गेलं. भरतानं हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. माणूस स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. बैठकीवर ठेवलेलं हसरं डोकं आत्मस्थानं सुरू होतं आणि फुगता फुगता परस्थाकडे जातं. त्याचं स्वतःचं हसू मावळतं तेव्हा आपलं उगवतं. आणि या सगळ्यात कुठंही क्रूरपणा जाणवत नाही, कारण शेवटी कुणीतरी त्या डोक्यासाठी रडतं. ते अश्रू मला चित्रपटातला अखेरचा हळवा स्पर्श वाटतात. फुटलं ते उपकरण नव्हतं, आपलंच होतं, हे त्या रडण्यातून कळतं.

दोन वर्षांनी, १९०३ साली, त्यानं डोक्यांचा असा एक खेळ केला की त्यात काही फुटत नाही. एक संगीतशिक्षक आपल्या शिष्यगणाला घेऊन येतो. वर तारायंत्राच्या पाच तारा ताणलेल्या आहेत. पाश्चात्त्य स्वरलिपीही पाच ओळींवर लिहितात. तो संगीतचिन्ह वर फेकतो, ते तारांवर अडकतं. मग आपलं डोकं उपटून वर फेकतो, ते एका तारेवर स्वर होऊन बसतं. नवं डोकं उगवतं, तेही वर जातं. अशी सहा डोकी तारांवर बसतात आणि त्यांच्या जागा वाचल्या तर इंग्लंडच्या राष्ट्रगीताची सुरुवात होते. शेवटी स्वरांचे पक्षी होऊन उडून जातात. मूक चित्रपटात गाणं कसं दाखवायचं, याचं हे उत्तर. ऐकू आलं नाही तरी वाचता येतं. एका तारेवर एक डोकं नेमकं बसावं म्हणून फिल्मची तीच पट्टी पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून कॅमेऱ्यातून न्यावी लागली. आधीच्या खेपेचं पुसता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. एवढ्या कडक हिशेबातून आलेली ही चीज पडद्यावर मात्र वाऱ्यावर भिरकावल्यासारखी वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथं दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्यावर मेलिएसचा किती प्रभाव होता, हा वेगळा प्रश्न आहे. मला दिसतं ते नातं धंद्याचं आहे. फाळके चित्रपटाआधी छायाचित्रण आणि छपाई यांत मुरलेले होते आणि जादूचे प्रयोगही करत. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं ‘प्रोफेसर केळफा’. आपलंच आडनाव अक्षरं उलटी करून. आडनावाचा हा खेळ म्हणजे शब्दातली ट्रिकच. त्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात त्यांच्या मुलीच्या, छोट्या मंदाकिनीच्या, चेहऱ्यानं होते. कथा सुरू होण्याआधी ती कॅमेऱ्याकडे बघून एकामागून एक भाव दाखवते. मग तीच कृष्ण होते. तिच्या चेहऱ्याखाली भाता नाही, टेबल नाही. पण चौकटभर एकच चेहरा, त्याच्यावर एकामागून एक येणारे भाव आणि मग झालेलं रूपांतर, हे बघताना मला माँत्रयच्या काचघरातला तो गाडीवरचा माणूस हटकून आठवतो. जादूगारांना चेहऱ्याची किंमत इतरांच्या आधी कळली असावी. हातचलाखी करणाऱ्याला सगळं लपवायचं असतं. प्रेक्षकासमोर उघडा ठेवायचा तो फक्त चेहरा.

मेलिएसनं १८९६ ते १९१३ या काळात पाचशेहून अधिक चित्रपट केले. मग लोकांची आवड पुढे गेली, धंदा बसला. महायुद्धाच्या काळात त्याच्या पुष्कळ फिल्म वितळवल्या गेल्या आणि त्यांचं द्रव्य फ्रेंच सैन्याच्या बुटांच्या टाचांसाठी वापरलं गेलं. बापाचा पादत्राणांचा धंदा सोडून आलेल्या माणसाचे चित्रपट शेवटी पादत्राणांत गेले. १९२३ साली वैतागाच्या भरात उरलेल्या निगेटिव्ह त्यानं स्वतःच जाळल्या. पुढची काही वर्षं तो पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनात खेळणी आणि मिठाईचं छोटं दुकान चालवत होता. सोबत जेआन दाल्सी होती, तीच पहिली नाहीशी झालेली बाई, आता त्याची पत्नी. जुन्या चित्रपटांची आवड असलेल्यांनी त्याला तिथं ओळखलं आणि डिसेंबर १९२९ मध्ये पॅरिसच्या साल प्लेएल या सभागृहात त्याच्या वाचलेल्या चित्रपटांचा सन्मानाचा खेळ झाला. २१ जानेवारी १९३८ रोजी तो गेला. जगभरच्या प्रतींतून शोधून आज दोनशेहून अधिक चित्रपट पुन्हा बघता येतात. रबरी डोकं त्यांत आहे.

ते बघायला मिळालं तर पहिल्या फुगण्यानंतरच्या क्षणाकडे लक्ष द्यावं. तोटी उघडली आहे, हवा गेली आहे, डोकं पुन्हा आपल्या मापाचं झालं आहे. पडद्यामागे याच वेळी काळ्या कापडातला माणूस चढाच्या वाटेनं मागे मागे, आपल्यापासून दूर गेलेला असतो. दिसताना ते निवांतपण दिसतं, घडताना ते अंतर होतं. त्यानंतर मदतनीस आत येतो आणि भात्याकडे बघतो. आपली नजर तेवढ्यात तोटीकडे गेलेली असते.